किल्ली

माझ्या एका जुन्या स्नेह्यानें गेले तीन आठवडे माझ्याशीं अबोला धरला आहे. आमची मैत्री चाळीस वर्षांची. एवढ्या काळांत आम्ही राजकारणावरून भांडलों, नाटकांवरून भांडलों, एकदां तर आंब्याच्या एका पेटीवरून भांडलों. पण त्यांतलें कोणतेंहि भांडण दुसऱ्या दिवशींच्या चहापलीकडे टिकलें नाहीं. या वेळचें मात्र टिकलें आहे. आणि त्याचें कारण काय म्हणाल, तर बोटाएवढ्या लांबीची एक किल्ली.

प्रसंग अगदीं साधा होता. आमच्या एका मित्राच्या मुलीचें लग्न ठरलें, त्या आनंदांत त्याच्या घरीं आम्ही दहाबारा जण जमलों होतों. जेवणाआधीं पेले भरले गेले. माझ्या या स्नेह्यानें दोन पेले घेतले. तिसऱ्याला यजमानानें फारच आग्रह केला, तेव्हां अर्धा आणखी घेतला. तो बरळला नाहीं, अडखळला नाहीं. उलट त्या रात्रीं त्याच्याइतकें रसाळ कोणीच बोललें नाहीं. साडेदहाच्या सुमारास तो उठला, सर्वांचा निरोप घेतला, आणि खिशांतून मोटारीची किल्ली काढून ती बोटाभोंवतीं फिरवूं लागला. मी त्याच्याजवळ गेलों आणि शक्य तितक्या हळूं आवाजांत म्हटलें, "किल्ली माझ्याजवळ दे. आपण दोघे रिक्षानें जाऊं. मोटार उद्यां सकाळीं नेतां येईल."

"कां? मला काय झालें आहे?"

"कांहीं झालें नाहीं. पण तूं प्यायला आहेस."

हें शेवटचें वाक्य मला हवें तितकें हळूं बोलतां आलें नसावें. कारण दिवाणखान्यांतला गलका एकदम थांबला. त्याचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी दारुडा आहें, असें तुला म्हणायचें आहे?" त्यानें विचारलें. मीं उत्तर दिलें नाहीं. नुसता हात पुढें केला. त्यानें किल्ली माझ्या हातावर ठेवली नाहीं, टाकली. आणि एकटाच रिक्षा करून निघून गेला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याचा मुलगा ती घेऊन जाण्यासाठीं आला. "बाबा बरे आहेत ना?" मीं विचारलें. "हो काका, बरे आहेत," तो म्हणाला, आणि खालीं पाहूं लागला.

तेव्हांपासून मी त्या एका शब्दाचा विचार करीत आहें. दारुडा! हा शब्द उच्चारतांच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें सुधाकर उभा राहतो. गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, आणि मद्याविषयींची आमची सारी कल्पना त्या एका नाटकानें घडविली. तो बुद्धिमान वकील, तो तळीराम, ते सिंधूचे हाल, आणि पहिल्या प्याल्यापासून सर्वनाशापर्यंतची ती पायरीपायरीची उतरण! त्यांतलें कांहींहि खोटें नाहीं. पण त्या नाटकामुळें आमचा नकळत एक गैरसमजहि झाला आहे. तो असा, कीं मद्यानें माणसाचा नाश व्हायचा तर त्याला पांच अंक लागतात. सभ्य, संसारी, महिन्यांतून दोनदां पेला हातीं धरणारा गृहस्थ स्वतःला त्या नाटकांत शोधतो, आपण त्यांत कोठेंच नाहीं असें पाहून निश्चिंत होतो, आणि मोटारींत जाऊन बसतो. रस्त्याला पांच अंकांची गरज नसते. तेथें सारें नाटक एका क्षणांत आटोपतें; आणि त्यांत मरणारीं पात्रें पुष्कळदां मद्याला कधीं शिवलेलींदेखील नसतात.

हें मी कोणा साधुपुरुषाच्या उंचीवरून बोलत नाहीं. मला हें कळलें तें माझ्या स्वतःच्या एका रात्रीमुळें. ती गोष्ट मीं आजवर कोणालाहि सांगितलेली नाहीं. माझ्या या स्नेह्यालादेखील नाहीं.

२००९ सालचा जानेवारी महिना होता. वाईला एका आप्ताच्या घरीं आम्ही पतिपत्नी गेलों होतों. थंडी चांगली पडली होती. कृष्णेच्या घाटावरून फिरून आल्यावर यजमानांनीं पेला पुढें केला, तेव्हां मीं नाहीं म्हटलें नाहीं. एकाचे दोन झाले. जेवण उरकून रात्रीं दहाच्या सुमारास आम्ही पुण्याकडे निघालों. त्या प्रवासाची माझी आठवण मोठी रम्य आहे. मोटार जणूं माझ्या मनांत येण्याआधींच वळत होती. सुरूरला महामार्ग लागला, खंबाटकीचा बोगदा आला आणि गेला. पुढें उसाचा एक ट्रॅक्टर आडवा आला, तर मीं सहज ब्रेक दाबून त्याला वाट दिली. टोलनाक्यावरच्या तरुण पोराशीं दोन विनोदाचे शब्द बोललों. आणि साडेअकराच्या आंत घराच्या फाटकाशीं येऊन थांबलों. इतकी सुरेख मोटार मीं त्यापूर्वीं कधीं हांकली नव्हती, असें मला अगदीं मनापासून वाटलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेतांना मीं तें बोलून दाखविलें. माझी पत्नी कांहीं वेळ कपाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आतां यापुढें तुम्ही घेतलेली असेल, तर मी तुमच्याबरोबर येणार नाहीं. मी एस. टी. नें येईन."

मीं चकित होऊन कारण विचारलें. आणि तिनें त्याच रस्त्याची दुसरी हकीकत मला सांगितली. सुरूरला पोंचेपर्यंत माझी मोटार तीन वेळां पांढऱ्या रेघेच्या पलीकडे गेली होती. कधीं ती बैलगाडीसारखी चाले, तर कधीं एकदम वाऱ्यासारखी सुटे. बोगद्यांत ती डाव्या भिंतीकडे इतकी सरकली, कीं पत्नीनें खिडकीवरचा आपला हात आंत ओढून घेतला. बोगद्याबाहेरच्या अंधारांत, वळणावर, दोन ट्रॉल्या जोडलेला तो उसाचा ट्रॅक्टर होता, त्याच्या मागें दिवा नव्हता, आणि ती "अहो!" म्हणून ओरडली तेव्हां कोठें माझा पाय ब्रेकवर गेला. टोलनाक्यावरचा माझा विनोद म्हणजे सुट्या पैशांवरून घातलेली निष्कारण हुज्जत होती.

त्या "अहो"चा माझ्या स्मरणांत मागमूसहि नव्हता. आजहि नाहीं. हें मला सर्वांत भयंकर वाटतें. मी खोटें बोलत नव्हतों. न्यायालयांत उभा राहिलों असतों, तर शपथेवर सांगितलें असतें कीं ट्रॅक्टर मीं वेळींच पाहिला. एका मोटारींत शेजारीं शेजारीं बसलेले आम्ही दोन साक्षीदार. आणि त्यांतला जो हांकीत होता, ज्याच्या हातांत दोघांचे प्राण होते, तोच काय तो फितूर झालेला!

"मग तेव्हांच कां नाहीं सांगितलेंस?" मीं विचारलें.

"एकदां म्हटलें, जरा हळूं घ्या. तर तुम्ही म्हणालांत, तुला गाडींतलें काय कळतें? मग गप्प बसलें. म्हटलें, चिडलांत तर आणखी जोरांत न्याल."

यावर मला बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

पुढें या विषयावर मिळेल तें मी वाचूं लागलों. मद्य आधीं माणसाचे हातपाय धरतें, अशी माझी समजूत होती. तसें नसतें. तें जठरांतून आणि लहान आंतड्यांतून सरळ रक्तांत उतरतें, कांहीं मिनिटांत मेंदूला पोंचतें, आणि तेथें आधीं मंद होतात त्या विवेकाच्या, संयमाच्या आणि आत्मपरीक्षणाच्या शक्ति. पाय लटपटूं लागण्याच्या पुष्कळ आधीं, 'माझे पाय लटपटताहेत कीं काय?' असें विचारणारा मनांतला माणूस झोंपीं जातो. हुषार चोर वाड्यांत शिरण्याआधीं राखणीच्या कुत्र्यापुढें भाकरीचा तुकडा टाकतो, त्यांतलाच हा प्रकार. म्हणूनच "मी अगदीं ठीक आहें" हें वाक्य प्यालेल्या माणसाच्या तोंडीं इतक्या प्रामाणिकपणें येतें. ठीक नसल्याची वर्दी ज्यानें द्यायची, तोच भाकरी खात बसलेला असतो.

शिवाय मोटार हांकणें म्हणजे एक काम नव्हे. तीं दहा कामें आहेत. समोर पाहायचें, आरशांत पाहायचें, कडेनें धांवत येणारें पोर पाहायचें, हातानें चाक सांभाळायचें, पायानें वेग सांभाळायचा, आणि हें सारें एकाच वेळीं. मद्याचा पहिला घाला असतो तो नेमका या अनेक ठिकाणीं वांटलेल्या अवधानावर. एकच काम प्यालेल्या माणसाला बरेंच साधतें. तो गाणें म्हणतो, कोटी करतो, जुनी गोष्ट रंगवून सांगतो. आणि ऐकणारे म्हणतात, याला कांहीं चढलेली दिसत नाहीं. माझ्या स्नेह्याच्या त्या रसाळ बोलण्याचें रहस्य हेंच. डोळ्यांचें सांगायचें तर, प्रखर प्रकाशानंतर अंधारांत पुन्हां नीट दिसूं लागायला त्यांना नेहमींपेक्षां अधिक वेळ लागतो. खंबाटकीच्या उजळ बोगद्यांतून मी अंधारांत आलों, त्या वेळीं काय घडलें असावें तें मला हें वाचतांना कळलें. तासाला ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत १६ मीटरांहून अधिक अंतर तोडते. पाय ब्रेकवर जायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला, तर ८ मीटर रस्ता आपण आंधळ्यासारखे ओलांडलेला असतो. आणि उसाची ट्रॉली त्याहून पुष्कळ जवळ असूं शकते.

गडकऱ्यांचें नाटक ज्या १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, त्याच सालीं इंग्लंडांत एडवर्ड मेलनबी या शरीरशास्त्रज्ञानें मद्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यानें कुत्र्यांना मद्य देऊन त्यांच्या रक्ताची तपासणी केली, आणि त्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. रक्तांतलें मद्य वाढत असतांना जितकी झिंग दिसते, तितकी तें उतरत असतांना, रक्तांत अगदीं तेवढेंच मद्य असूनहि, दिसत नाहीं. माणसाचेंहि तसेंच होतें. जेवण झालें, गप्पा झाल्या, मन हलकें झालें, आणि त्याला वाटतें कीं आतां उतरली. वाटणें आधीं उतरतें. हातापायांतलें आणि डोळ्यांतलें मद्य मागें राहतें.

तें किती वेळ राहतें याचा हिशेब एरिक विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञानें घालून दिला. त्याचा ग्रंथ १९३२ सालीं निघाला. त्या हिशेबानें सत्तर किलो वजनाच्या पुरुषानें व्हिस्कीचा ६० मिलिलिटरांचा एक पेला उपाशीं पोटीं घेतला, तर त्याच्या दर १०० मिलिलिटर रक्तांत सुमारें ४० मिलिग्राम मद्यार्क चढतो. यकृत तो जाळतें तें आपल्या संथ गतीनें, तासाला साधारण १५ मिलिग्राम. त्याला घाई करतां येत नाहीं. लिंबू, ताक, थंड पाण्याची अंघोळ, काळी कॉफी, यांपैकीं कशानेंहि तें यकृत आपली चाल बदलीत नाहीं. कॉफीनें झोंप उडेल. पण मग पेंगणाऱ्या मद्यप्याच्या जागीं जागा मद्यपी मोटार हांकील, एवढाच फरक.

प्यालेल्या माणसाच्या हातीं वाहन देऊं नये, ही अक्कल मोटारीच्या जन्मापासूनची आहे. १८९७ सालीं लंडनमध्यें जॉर्ज स्मिथ नांवाच्या एका चालकानें आपली विजेवर चालणारी भाड्याची गाडी एका इमारतीवर नेऊन घातली. दारू पिऊन मोटार हांकल्याबद्दल शिक्षा झालेला तो पहिला माणूस समजला जातो. पण कोण किती प्याला हें ठरवायचें कसें? एका रेघेवरून चालून दाखवायला सांगत. पायावर ताबा असलेला माणूस सुटे. अखेर १९३६ सालीं नॉर्वेनें रक्तांतल्या मद्यार्काचा एक आंकडाच कायद्यांत घातला. १९५४ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट बोर्कनस्टाईन यानें नुसत्या श्वासावरून तो आंकडा सांगणारें यंत्र तयार केलें. आणि १९६७ सालीं ब्रिटननें ८० मिलिग्रामांची मर्यादा घालून तें तत्त्व रस्त्यावर आणलें. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानें ही मर्यादा ३० मिलिग्राम आहे. म्हणजे वर सांगितलेला तो एकच पेला ती ओलांडायला पुरतो! २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे.

पूर्वीं मला या आंकड्यांचा राग येई. माणसामाणसांत फरक असतो, मला पचतें तें दुसऱ्याला पचणार नाहीं, मग सर्वांना एकच गज कशाला, असें मी म्हणत असें. आतां वाटतें, कीं कायद्यानें आंकडा धरला याचें कारण माणसाविषयींचा अनादर नव्हे. स्वतःविषयींची साक्ष प्यालेल्या माणसाला देतांच येत नाहीं, हें त्यानें ओळखलें, इतकेंच. महाराष्ट्रांत तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळें पिण्यासाठींहि परवाना लागतो. माझ्या स्नेह्याच्या पाकिटांत पिण्याचा परवाना आहे आणि मोटार हांकण्याचाहि आहे. दोन्ही खरे, दोन्ही सरकारी शिक्क्याचे. पण दोन परवान्यांची बेरीज करून तिसरा परवाना होत नाहीं.

मात्र कायदा रस्त्यावर उभा असतो. खरा प्रसंग येतो तो दिवाणखान्यांत. तेथें आमची आडवी येते ती भीड. पाहुण्याला तिसरा पेला न दिला तर आपण कंजूष ठरूं, म्हणून यजमान आग्रह करतो. लाडू-जिलबीचा जो आग्रह आमच्या पंगतींतून पिढ्यान् पिढ्या चालत आला, तोच आम्ही जसाच्या तसा पेल्याला लावला. जिलबी फार तर पोट बिघडवील, हा भेद कोणी पाहिला नाहीं. पाहुणा किल्ली काढतो तेव्हां दहा माणसांना दिसतें, कीं यानें आतां हांकूं नये. पण चारचौघांत त्याला कसें सांगायचें? आणि मोटारींत त्याच्या शेजारीं बसणारी जी असते, ती तर "चिडलांत तर आणखी जोरांत न्याल" या भीतीनें गप्प असते. आमच्या सुसंस्कृत घरांतून सर्वच जण इतके सभ्यपणें वागतात, कीं एखाद्या रात्रीं त्या सभ्यपणाचा हिशेब इस्पितळांत द्यावा लागतो.

म्हणून त्या रात्रीं मीं भीड मोडली. आणि मोडली याचा मला पश्चात्ताप नाहीं. पश्चात्ताप होतो तो वेगळ्या गोष्टीचा. अडीच पेले झाल्यावर मीं त्याच्याकडे किल्ली मागितली. म्हणजे ज्या न्यायाधीशाला मघांच लांच पोंचली होती, त्याच्याकडेच मीं न्याय मागायला गेलों; आणि तोहि भर दरबारांत! त्याला माझें म्हणणें पटणें त्या घटकेला शक्यच नव्हतें. वाईच्या त्या सकाळीं मलाहि आधीं पटलें नव्हतें. आणि मी तर रात्रभर झोंपून उठलों होतों. वाईनंतर मीं स्वतःपुरता एक नियम केला आहे. पेला घ्यायचा असेल त्या संध्याकाळीं किल्ली घरच्या खुंटीवर ठेवूनच मी बाहेर पडतों. ठरवायचें तें पहिल्या पेल्याआधीं, शुद्धीवरच्या माणसानें. त्याच्यामागून येणाऱ्याला त्यांत मत नाहीं. हा नियम मला इतका सोपा वाटूं लागला होता, कीं तो मित्राला सांगावा हें माझ्या मनांत कधीं आलें नाहीं. त्या दिवशीं सायंकाळीं आम्ही दोघे यजमानांच्या दाराशीं एकाच वेळीं पोंचलों होतों. तेव्हांच त्याच्या खांद्यावर हात टाकून मला वाईची गोष्ट सांगतां आली असती. तो हंसला असता, आणि किल्ली त्यानेंच माझ्या खिशांत टाकली असती. पण ती गोष्ट सांगायची म्हणजे माझी फजीती सांगायची. आणि दुसऱ्याची भीड मोडणें जितकें कठीण, त्याहून स्वतःची मोडणें कठीण असतें.

परवां संध्याकाळीं तो मला रस्त्यांत दिसला. पलीकडच्या बाजूनें हातांत पिशवी घेऊन येत होता. त्यानेंहि मला पाहिलें असावें. कारण तो एकदम थांबला, डावीउजवीकडे नीट पाहून त्यानें चौक ओलांडला, आणि तो शेजारच्या गल्लींत वळला. मला वाईट वाटलें. तरी तो दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलों.

तो या मासिकाचा जुना वर्गणीदार आहे. अंक हातीं पडला कीं शेवटच्या पानापासून वाचीत येण्याची त्याची खोड मला माहीत आहे. त्यामुळें वाईच्या रात्रीची गोष्ट त्याला आज ना उद्यां कळेलच. मग कदाचित् तो येईल. स्वतः मोटार हांकीत आला तरी हरकत नाहीं. आम्हांला चहाच घ्यायचा आहे.